सीमारेषेबाहेरचा बाप

रविवार, ३ ऑगस्ट

चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी आज आईबापांना मागे थांबवलं. ज्यांच्या घरी वाढत्या वयाची मुलं आहेत त्यांनी एक वही करावी, म्हणाले. मुलासाठी देवाकडे काय मागतो ते लिहायचं आणि मग जे घडेल ते लिहायचं. खोटं लिहायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. बाकीचे माना डोलावून घरी गेले. मी वाटेत थांबून वही घेतली. एकदा ठरवलं की ठरवलं.

तर लिहितो. मी शांतवन साळवे, राहणार वणी, कोळसा खाणीत डंपर चालवतो. बायको बबिता अंगणवाडीत आहे. मुलगी एकच, सुवार्ता. तेरा वर्षांची, आठवीत. शाळेच्या खो-खो संघात खेळते. मी स्वतः खाणीच्या कबड्डी संघात सहा वर्षं खेळलो. गुडघा गेला नसता तर अजून खेळलो असतो. त्यामुळे खेळातलं मला कळतं.

मागणं: सुवार्तानं जिल्हा स्पर्धेत पहिल्या नऊ जणींत खेळावं आणि तिथून विभागाला अमरावतीला जावं. मला काही शंका नाही. पोरीच्या पायात वारा आहे.

मंगळवार, १२ ऑगस्ट

तालुका स्पर्धा सुवार्ताच्याच शाळेच्या मैदानावर होती. खाणीत माझी दुसरी पाळी, म्हणून सकाळ मोकळी. काल पाऊस झाला होता, पण राठोड सरांनी मुरूम टाकून मैदान खेळण्यासारखं केलं होतं. हिरासिंग राठोड सर, क्रीडाशिक्षक. माणूस कामाचा आहे.

सुवार्तानं एका पाळीत तीन गडी मारले. प्रत्येक वेळी मी सीमारेषेबाहेरून ओरडलो, "ऐका हो ऐका, ठळक बातमी! सुवार्तानं गडी मारला!" नावातच वार्ता आहे, त्यावरून सुचलं. पहिल्यांदा चार जण हसले, तिसऱ्यांदा सगळं मैदान हसलं. कर्णधार सलोनीचे वडील गोपालभाऊ, ज्यांचे ट्रक चंद्रपूर रोडला चालतात, त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. मी पाळीवर निघेपर्यंत त्याला चाळीस अंगठे आले होते.

संघ जिंकला. आता जिल्हा. घरी येताना सुवार्ता म्हणाली, पप्पा, पुढच्या वेळी इतक्या मोठ्यानं नका ओरडू. मी म्हणालो, बाप आहे, ओरडणारच. अजून लाजते. होईल सवय.

सोमवार, १८ ऑगस्ट

सुवार्ताच्या वहीवर नाव दिसलं, 'एस. साळवे'. विचारलं तर तिनंच उलट विचारलं, आधार कार्डावरचं नाव बदलता येतं का आणि त्याला किती दिवस लागतात. कोणतं नाव पाहिजे? म्हणे कोणतंही, बाकीच्या मुलींचं असतं तसं.

मी तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं. तिच्या आधी दोन बाळं पोटातच गेली. ती जन्मली त्या सकाळी माझ्या बापानं दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून हे नाव ठेवलं. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. ज्या बातमीवर आपली ख्रिस्ती मंडळी उभी आहे तीच. तिनं ऐकून घेतलं आणि आत गेली.

या वयात मुलींना फॅशनची नावं आवडतात. नीट समजावलं ते बरं झालं.

शनिवार, २३ ऑगस्ट

सराव जोरात चालला आहे हे भुकेवरून कळतं. डबा रिकामा येतो आणि घरी आल्या आल्या तीन भाकरी खाते. बबिता म्हणाली, डबा खाल्लेला वाटत नाही, ओतून दिलेला वाटतो. बबिताला काहीही वाटतं.

मोज्यांचा तिसरा जोड हरवला. त्यावरून मी रागावलो. सामान सांभाळणं हाही खेळाचाच भाग आहे.

गल्लीतली समीक्षा रोज सकाळी सहाला हाक मारायला यायची. दोघी एकाच संघात, पहिलीपासून एका बाकावर. आठवडा झाला, आली नाही. त्यांच्या शेतात निंदण चालू आहे, त्या गडबडीत असेल.

शनिवार, ३० ऑगस्ट

खरं लिहायचं ठरलं आहे, म्हणून लिहितो. आज मारेगावला सराव सामना एका गुणानं हरलो आणि तो गुण सुवार्तानं घालवला.

खो-खोत बसलेल्या गड्यानं, मागची मुलगी पाठीला हात लावून 'खो' म्हणत नाही तोवर उठायचं नसतं. शेवटचं अर्धं मिनिट उरलेलं. सलोनी पळत तिच्या मागे आली आणि खो म्हणायच्या आधीच सुवार्ता उठली. पंचांची शिट्टी वाजली. समोरची मुलगी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचली आणि वेळ संपली.

आपल्या मुली पाण्याच्या टाकीजवळ घोळका करून हसत होत्या. हरल्यावरही हसतात, खिलाडूपणा आहे. सुवार्ता मात्र लांब बसून बुटाची नाडी बांधत होती. पाच मिनिटं एकच नाडी.

येताना मोटरसायकलवर मी तिला मारेगाव ते वणी सगळी चूक समजावून दिली. कान कुठे ठेवायचे, नजर कुठे, वजन कोणत्या पायावर. एकदाही उलट बोलली नाही. तिला पटलं असावं. घरी उतरलो तर माझ्या शर्टाची पाठ ओली. पाऊस तर नव्हता. घाम असेल.

गुरुवार, ४ सप्टेंबर

जिल्ह्याच्या संघाची यादी फळ्यावर लागली. सुवार्ता अकरावी. म्हणजे राखीव. पहिल्या नवांत नाही.

मी सरांना जाब विचारायला निघालो होतो, बबितानं गाडीची चावी लपवली. मग जेवताना मी पोरीला धीर दिला. शास्त्रातल्या धनगराच्या पोरानं गोफणीच्या एका गोट्यानं भला मोठा योद्धा कसा पाडला ते पहिल्यापासून सांगितलं. मोठ्या भावानं त्याला हिणवलं, तो योद्धाही हसला, हेही सांगितलं. हसणाऱ्यांकडे लक्ष दिलं नाही म्हणूनच तो राजा झाला, हे दोनदा सांगितलं. ती ताटावरून उठून गेली, भाजी तशीच टाकून.

बबिता म्हणाली, "तिले पहिले जेवू तरी द्या."

मी म्हणालो, शरीराच्या अन्नापेक्षा हे मोठं आहे. तिनं ताट उचललं आणि माझ्याकडे न पाहता मोरीत नेलं.

माझा विश्वास ढळलेला नाही. यादी बदलू शकते.

सोमवार, ८ सप्टेंबर

तीन दिवस झाले, शाळेची वेळ झाली की सुवार्ताच्या पोटात दुखतं. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, रक्त तपासलं. काही नाही म्हणाले. मग मला विचारलं, शाळेत सगळं बरं आहे ना? मी म्हणालो, एकदम बरं. गणितात चौऱ्याऐंशी आहेत.

घरी आलो तर तिनं खेळाचे बूट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलेले. प्रार्थना केली. आज शब्द नीट येत नव्हते.

मंगळवार, ९ सप्टेंबर

पाळी सुटल्यावर सरळ पाळकसाहेबांकडे गेलो. ते अंगणात सायकलची चेन बसवत होते. मी यादी सांगितली, पोटदुखी सांगितली, धीर देऊन थकलो तेही सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि मला एक प्रश्न घातला. पवित्र शास्त्रातला एक संदेष्टा जिवाला भिऊन पळाला, रानात एका झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. तेव्हा देवानं पहिल्यांदा त्याला काय सांगितलं?

मी म्हणालो, ऊठ, कंबर कस, तुझ्या हातून मोठं काम व्हायचं आहे.

"नाही साळवे," ते म्हणाले. "पहिल्यांदा त्याला झोपू दिलं. मग ताजी भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला, तर पुन्हा झोपू दिलं आणि उठवून पुन्हा खाऊ घातलं. विचारपूस त्याच्या कितीतरी दिवसांनंतर, आणि तीही एवढीच, की बाबा, तू इथं कसा? तुम्ही पोरीला आतापर्यंत काय विचारलं?"

मी आठवू लागलो. मी एकही प्रश्न विचारलेला नव्हता. नुसती उत्तरंच देत होतो.

निघताना ते म्हणाले की लेकरू आपल्या आधी देवाचं आहे. ते आपल्या हातून निसटलं असं वाटलं तरी देवाच्या हातून निसटत नाही, म्हणून घाबरून बोलू नका. मी घाबरलेलो नव्हतो. पण गाडी सुरू करायला तीन किका लागल्या.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

तीन दिवस काहीही समजावलं नाही. पन्नास टनांचा डंपर घाटात मागे घेणं याहून सोपं आहे.

काल ती शाळेतून आली आणि दप्तरासकट झोपली. उठवलं नाही. आज मी अंड्याची पोळी केली. एक बाजू करपली. तिनं दोन्ही बाजू खाल्ल्या आणि तव्याकडे बघून जराशी हसली. खूप दिवसांनी हसली. मग मी विचारलं. हाच प्रश्न तोंडात घेऊन तीन दिवस फिरत होतो.

"मैदानावर कसं असते तुले?"

ती बराच वेळ ताटातला तुकडा फिरवत राहिली. "तुमी कोनावर ओरडनार नाई ना?"

मी म्हणालो, नाही.

"मंग सांगीन. आज नाई."

मी बरं म्हणालो आणि तवा घासायला घेतला. आणखी एक शब्द बोललो असतो तर सगळं फिसकटलं असतं, हे आज मला कळलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

सुवार्ता मामाकडे गेली होती तेव्हा समीक्षा आमच्याकडे आली. एकटीच. बबिताच्या जवळ बसली आणि काही बोलायच्या आधीच रडायला लागली. मग तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला.

मारेगावचा सामना. सुवार्ता उठते, शिट्टी वाजते, तिचा चेहरा कसनुसा होतो. तिथंच चित्र थांबवलेलं. खाली बातम्यांसारखी लाल पट्टी, वर ब्रेकिंग न्यूज. आणि मागून एका माणसाचा आवाज. ऐका हो ऐका, ठळक बातमी, सुवार्तानं गडी मारला. तीन वेळा. मग पोरींचं हसणं.

माणसाचा आवाज ओळखीचा वाटला. वाटलं, कोणीतरी नक्कल केली आहे. मग कळलं की तो माझाच आहे. तालुका स्पर्धेतला, गोपालभाऊंनी काढलेल्या व्हिडिओतला.

समीक्षानं सगळं सांगितलं. तालुका स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. सुवार्ता मैदानावर आली की सगळ्या एका सुरात ठळक बातमी म्हणायच्या. खाली पडली की बातमी, पाणी प्यायली की बातमी. डबा कुत्र्यांना घातला. मोजे नालीत टाकले. मारेगावला बाकावरच्या दोघी तिच्या पाठीमागून बातमी-बातमी कुजबुजत होत्या. त्यात खो ऐकू आला की नाही हेच तिला कळलं नाही. सुरुवात सलोनीनं केली. समीक्षा हसली नाही, पण बोललीही नाही. सुवार्ताशी बोलणाऱ्याचीही बातमी होईल अशी भीती होती. म्हणून हाक मारायला येणं तिनं बंद केलं होतं.

बबितानं तिला जवळ घेतलं. मला समीक्षाचा राग यायला हवा होता. आला नाही. तेरा वर्षांची पोर एकटी चालत येऊन खरं सांगते, आणि मी त्रेचाळीस वर्षांचा, सव्वा महिना सगळं पाहून सगळं चुकीचं लिहीत बसलो.

मागची पानं वाचली. मोजे, डबा, नाव, ओली पाठ. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

रविवार, १४ सप्टेंबर

उपासनेला गेलो नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच. तिघं घरीच बसलो.

मी सुवार्ताला सांगितलं की व्हिडिओ पाहिला. ती दचकून आईकडे बघायला लागली. मी म्हणालो, तुझ्या नावाचा खेळ पहिल्यांदा मी केला. तू थांबवलं तरी मी ऐकलं नाही. माफी मागतो.

"तुमी तं मी गडी मारला म्हून ओरडले," ती म्हणाली. "तुमचा आवाज हाये म्हून मी दाखवला नाई. तुमाले वाईट वाटलं असतं."

एवढ्याशा पोरीनं इतके दिवस मला सांभाळलं होतं. मी उठून पाणी प्यायलो. परत येऊन बसलो तेव्हा ती बोलायला लागली ती दोन तास. मध्ये एकदाही मी तोंड उघडलं नाही. खेळावर राग नाही, म्हणाली. धावायला लागलं की अजून बरं वाटतं. बसून वाट पाहायची वेळ आली की मान गरम होते, मागे कोण काय बोलते याच्याकडेच कान जातात. देवावर पण रागावली होती. रोज प्रार्थना करत होती की उद्या तरी त्या विसराव्यात, आणि त्या विसरत नव्हत्या. मी हेही ऐकलं. देवाची बाजू घ्यायला गेलो नाही. तो स्वतःची बाजू सांभाळायला समर्थ आहे.

सरांना सांगायचं का, हे बबितानं तिलाच विचारलं. ती म्हणाली, सांगा. पण मी समोर राहीन आणि पप्पांनी आवाज चढवायचा नाही.

मग बबितानं प्रार्थना केली. छोटी. पोरीला उद्या भूक लागू दे, एवढीच.

सोमवार, १५ सप्टेंबर

राठोड सर आधी म्हणाले की संघात मुली एकमेकींची चेष्टा करतातच, ताकद त्यातूनच येते. सुवार्तानं आईचा मोबाइल त्यांच्या टेबलावर ठेवला. सरांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, कोणी तुमच्या धर्माचं काही बोललं का?

"नाई सर," सुवार्ता म्हणाली. "माया नावाचं बोलल्या. अन् मी चुकली त्याचं."

मग सरांनी जे सांगितलं, ते न सांगताही त्यांना चाललं असतं. यादीच्या आदल्या दिवशी तिघी जणी त्यांच्याकडे आल्या होत्या. सुवार्ताच्या शेजारी बसणार नाही म्हणाल्या. जिल्हा तोंडावर, भांडण नको, म्हणून त्यांनी तिला अकरावीवर टाकलं. चौकशी केली नाही. "माझं चुकलं, बेटा," म्हणाले. यादी गेली आहे, आता बदलता येत नाही. पण व्हिडिओ आजच्या आज सगळ्यांच्या मोबाइलमधून जाईल, आणि घरच्यांना ते स्वतः फोन करतील.

मला वाटत होतं, यादी बदला म्हणून मी भांडेन. भांडलो नाही. बाहेर आल्यावर सुवार्तानं विचारलं, माळ्यावरून बूट काढून देता का?

मंगळवार, १६ सप्टेंबर

संध्याकाळी गोपालभाऊ सलोनीला घेऊन घरी आले. खुर्चीच्या काठावर बसले. लेकरांनी गंमत केली, मनावर घेऊ नका, म्हणाले. बबितानं चहा ठेवला आणि सलोनीसमोर बसली. सरांना दाखवण्यासाठी समीक्षाकडून आपल्या मोबाइलवर घेतलेला तो व्हिडिओ बबिताचा अजून पुसायचा राहिला होता, तोच मोबाइल तिनं सलोनीच्या हातात दिला.

"लाव बेटा. सगळे मिळून पाहू. गंमत हाये तं आमीबी हसू."

सलोनीनं मोबाइल धरला. अंगठा वर गेला आणि तिथंच राहिला. तिच्यानं ते बटण दाबवलं नाही. मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला आणि रडायला लागली. सांगायला लागली की सुवार्तानं तीन गडी मारले त्या दिवशी तिचा एकही नव्हता. घरी गेल्यावर पप्पा तोच व्हिडिओ पुन्हापुन्हा लावून म्हणत होते, पाय पाहा त्या पोरीचे, शीक काही.

गोपालभाऊंचा चहा तसाच राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "शांतवनभाऊ, आवाज तुमचा होता, पन घरात वाजवला मी."

आम्ही दोघं बाप तिथं बसलो होतो, आणि दोघांनाही आपापल्या पोरीकडे बघता येईना.

मला वाटलं, आता क्षमेची वेळ आहे. मी सुवार्ताला म्हणायला गेलो, की बेटा, माफ केलं म्हण. बबितानं माझ्या हातावर हात ठेवला. सुवार्तानंच सांगितलं की तिला अजून राग आहे, राग गेला की ती स्वतः सांगेल, आत्ता म्हणायला लावू नका. सलोनी नाक पुसत म्हणाली, बरं.

ते दोघं गेल्यावर बबिता म्हणाली की घाईनं करून घेतलेली क्षमा देवालाही काय कामाची. हे शास्त्रात आहे का, मला माहीत नाही. पटलं मात्र.

शनिवार, २० सप्टेंबर

सगळं ठीक झालं असं लिहिणार नाही. दोन मुली अजून तिच्याशी बोलत नाहीत. गुरुवारी कोणीतरी लांबून बातमी म्हटलं. सरांनी सराव थांबवला, कोण म्हणालं ते विचारलं आणि कोणी कबूल होईना तर सगळ्यांना घरी पाठवलं. सुवार्ता त्या दिवशी जेवली मात्र पोटभर. समीक्षा सहाला हाक मारते.

मी आता दररोज एकच प्रश्न विचारतो आणि उत्तर आलं नाही तर थांबतो. कधी कधी दोन दिवसांनी उत्तर येतं, दात घासताना, भलत्याच वेळी.

बुधवार, २४ सप्टेंबर

रजा टाकून यवतमाळला गेलो, बबिता सोबत. बसमधून उतरताना बबिताला शब्द दिला की तोंडातून आवाज काढणार नाही. रुमाल आणलाच होता.

पहिला सामना जिंकलो. सुवार्ता पूर्ण वेळ बाकावर. उठून उठून पाणी देत होती. महिनाभरापूर्वी मला ते पाहवलं नसतं. आज पाहिलं.

उपांत्य सामन्यात एका मुलीचा घोटा मुरगळला. सरांनी सुवार्ताला उतरवलं आणि तिची जागा आली नेमकी सलोनीच्या शेजारची. ती खाली बसली. मान ताठ. मागून सलोनी पळत आली. मी रुमाल दातात धरला. सुवार्ता हलली नाही. पाठीवर हात पडला, खो ऐकू आला, मग उठली. असं नऊ वेळा झालं, मी मोजलं. दोन गडी मारले. दुसरा खांबाजवळ, पूर्ण अंग झोकून. कोपर सोललं.

तीन गुणांनी हरलो. अमरावती नाही. राठोड सर मातीत बसून राहिले. मी टाळ्या वाजवत होतो, शेजारची एक बाई म्हणाली, भाऊ, तुमचा संघ हरला. मी म्हणालो, हो ताई.

मुली शाळेच्या बसनं आल्या, आम्ही एसटीनं. सुवार्ता घरी आली, कोपराला हळद लावून घेतली आणि भाजी चिरणाऱ्या आईला म्हणाली, "सलोनीले बसमध्ये सांगतलं."

बबितानं विचारलं, काय?

"जे सांगायचं होतं ते."

आम्ही दोघांनी पुढे काही विचारलं नाही. तिच्या आवाजावरून कळत होतं.

रविवार, २८ सप्टेंबर

उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची, वेळ आली. मी उठणार होतो, दोन दिवस मनात जुळवणी केली होती. त्याआधी पुढच्या रांगेतून सुवार्ता उठली. ती याआधी कधी बोललेली नाही. बबितानं माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

"आमी यवतमाळले हरलो," ती म्हणाली. "मी देवावर लय दिवस रागावली होती. आता नाई. पुढच्या वर्षी मी मोठ्या मुलींच्या गटात जाईन. तिथं मले पहिल्या नवांत घेनार नाई, सरांनी आत्ताच सांगतलं. मी तरी रोज जाईन. मले खेळायचं हाये. मायासाठी प्रार्थना करा, अन् माया संघासाठी. त्यात सलोनीबी हाये."

आणि बसली. मागून म्हाताऱ्या नानाजींनी आमेन म्हटलं, इतक्या मोठ्यानं की दोन लेकरं दचकली. मी उभा राहणार होतो ते राहूनच गेलं. माझ्याजवळ सांगण्यासारखं जे होतं ते तिनं सांगून टाकलं होतं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

अकराला सराव होता. शेवटची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी तिनं पाळकसाहेबांकडे पाहिलं आणि त्यांनी मानेनं जा म्हटलं. मग सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. खिडकीतून फाटक दिसत होतं. तिनं सायकल रस्त्यावर काढली, सीटवर बसलीच नाही, उभ्यानंच पायडल मारत कोळशाच्या ट्रकांच्या कडेनं मैदानाकडे निघाली. वळणावर पोचली तेव्हा कुठे मी आमेन म्हणालो.